वाकड्या अक्षरांची वाटी

लिहून घेताय ना ताई, मी मूळचा रत्नागिरीकडचा. डोंगराच्या पोटात आमची पाच घरांची वाडी, नाव सांगून तुम्हाला कळणार नाय, तिथल्या पोस्टमनलाही कळायचं नाय. शाळा तिसरीपर्यंत, आणि पास का नापास ते विचारू नका, निकाल लागायच्या आधीच चुलत्याने मला बोटीत घातला नि मुंबईला आणला. चुलता तांबाकाट्याला भांड्यांच्या दुकानाबाहेर फुटपाथवर बसायचा, भांड्यांवर नावं घालायचा. तुम्ही बोलाल हा काय धंदा. ताई, तुमच्या आईच्या लग्नात आलेला एखादा तांब्या घरात असेल तर बघा, त्यावर टिंबाटिंबांनी लिहिलेलं असतं, अमक्याकडून तमकीला सप्रेम भेट, ते काय आपोआप उमटतं काय, कुणीतरी उन्हात बसून ठोकलेलंच असतं ना. ते आम्ही.

छिन्नी आणि बारकी हातोडी, बस, एवढंच सामान. भांडं पायांच्या मधी धरायचं आणि एक ठोका एक टिंब. ठोका जोरात गेला तर भोक, हलका गेला तर दोन दिवाळ्यांत अक्षर घासून साफ. चुलत्याने मला सहा महिने फुटक्या परातीवर नुसतं अ आणि ग काढायला लावलं. त्याची एक शिकवण होती, बोलायचा, चिठ्ठीवरचं नाव वाचायचं नाय, अक्षर बघायचं, वाचायला लागलास की हात थांबतो. ते मी जन्मभर पाळलं. गिऱ्हाईक चिठ्ठी द्यायचं, मी अक्षर उचलून भांड्यावर ठेवायचो. गुजराती लोक यायचे, त्यांची अक्षरं मला येत नव्हती, तरी मी घालायचो, आणि त्यांच्या बायका बोलायच्या की आमच्यातला माणूस पण असं घालत नाय. दिवसाला दीडशे नावं घातली आणि तुम्ही मला विचारलंत की शेवटचं नाव कुणाचं होतं, तर मी सांगू शकलो नसतो. पण अक्षर विचारा. अक्षर माझं मोत्यासारखं, हे मी नाय बोलत, बाजार बोलायचा.

मग ते विजेचं मशीन आलं, पेनासारखं धरायचं, घुर्र करायचं, नाव तयार. दुकानाचा शेठ बोलला, मामा शिकून घ्या, दोन दिवसांचं काम आहे. मी बोललो, शेठ, दाढी करणाऱ्याला गवत कापायला सांगू नका. तो हसला आणि त्याने दुसरा माणूस ठेवला. मी सामान गुंडाळलं आणि घरी आलो, परत त्या फुटपाथवर गेलो नाय. असा माझा स्वभाव. त्या स्वभावाने माझं काय काय घालवलं तेच तुम्हाला सांगतोय.

लग्न मी विशीत केलं. वसंताची आई आमच्याच तालुक्यातली, दुसरी शिकलेली, माझ्यापेक्षा एक यत्ता कमी, हे मी तिला चारचौघांत ऐकवायचो आणि ती बोलायची, हो, तेवढ्या एका यत्तेवर तर संसार चाललाय. गिरगावात एक खोली होती आमची, वर माळा, आणि माळ्यावर भांडी. शेठ दिवाळीला पैसे कमी द्यायचा, भांडं द्यायचा, म्हणून भांडी फार. पहिला वसंता झाला. त्याच्यानंतर दोन वर्षांनी मुलगी झाली.

ती नऊ दिवस होती. बाराव्या दिवशी बारसं, म्हणून मी दुकानातून एक पितळेची वाटी आणली होती, हाताच्या तळव्यात बसेल एवढी, बाळाला गुटी द्यायला, आणि कोरीच ठेवली होती, नाव ठेवलं की मग घालू म्हणून. नवव्या दिवशी पोरीने दूध घेतलं नाय आणि दुपारपर्यंत सगळं आटपलं. मी आणि चाळीतले दोघं गेलो, तिला ठेवून आलो. वसंताची आई भिंतीकडे तोंड करून बसलेली, ती मला बोलली की हिचं नाव मी मनात धरलं होतं. मी तिला पुढे बोलू दिलं नाय. मी बोललो, बारशाआधी गेलेल्या पोराला नाव नसतं, ठेवायचं पण नसतं आणि घ्यायचं पण नसतं, रीत आहे ती, गप ऱ्हा. माझ्या आईने मला असंच सांगितलेलं, तिच्या आईने तिला. मला वाटलं नाव नसलं की दुःख लवकर विसरतं. वाटीचं मी नंतर विचारलं पण नाय. ती कुठे गेली ते माझ्या डोक्यातूनच गेलं.

आता भाईंदरला या. सत्त्याऐंशी का अठ्ठ्याऐंशी साल असेल, चाळीतली खोली सोडली आणि वसंताने इथे खारी गावाच्या बाजूला हा वन रूम किचन घेतला, तो अंधेरीला कंपनीत होता. मला यायचंच नव्हतं. खिडकीतून बघावं तर मिठागरं, चिखल आणि अर्धवट बिल्डिंगी. टेम्पोतून भांडी उतरवली तेव्हा समोरच्या मंजुलाबेन दारात येऊन बोलल्या, दादा, इतना पितल, म्यूझियम खोलना है क्या. मी बोललो, हां, टिकट आपको माफ. पण चार दिवसांत त्याच बाई आमच्याकडे हंडा मागायला आल्या, कारण नळाला पाणी नाय, टँकर आला की अख्खी बिल्डिंग जिन्याने खाली पळायची, आणि ज्याच्याकडे भांडी तो राजा. माझे हंडे, कळशा, घंगाळं, सगळं पाण्याने भरलेलं असायचं. वसंता बोलायचा, बाबा, तुमची भांडी कामाला आली. मी बोलायचो, भांडी कधी बिनकामाची नसतात, माणसं असतात.

मग नळाला दिवसाआड का होईना पाणी यायला लागलं, वसंताने प्लास्टिकचे ड्रम आणले, आणि माझी भांडी बसून राहिली. खाडीची खारी हवा, पितळ आठ दिवसांत हिरवं. वसंताची आई चिंच घेऊन घासत बसायची, तिचे हात सोलून निघायचे. वसंताचं लग्न झालं, मंगल घरात आली, चांगली मुलगी, माझ्याशी भांडणारी ह्या घरात ती एकटीच. तिला दिवस गेले. एकदा तिने सरळ विषय काढला, बाबा, पाळणा कुठे बांधायचा सांगा, ह्या घंगाळावर का त्या हंड्यावर, थोडं कमी करूया ना. वसंता पेपरात तोंड घालून बसला. मला राग आला, पण पाळण्याला जागा खरंच नव्हती. मी बोललो, कमी करायचं ना, मी करतो, पण काय राहील नि काय जाईल ते मी ठरवणार.

त्या वेळेला वसंताची आई गावाला होती, भावाच्या मुलीच्या लग्नाला, पंधरा दिवस. मंगल बोलली, आईंना येऊ दे, त्यांना विचारून करू. हे ती बोलली, तिचा दोष नाय, लिहून घ्या हे. मीच बोललो, भांडी मी आणलेली, अक्षरं मी घातलेली, तिला काय विचारायचं, आणि ती आली तर एक चमचा घराबाहेर जाऊ देणार नाय.

रविवार होता. मी किचनमध्ये गोणपाट अंथरलं आणि सगळं खाली काढलं. दोन ढीग केले. नियम माझा एकच, ज्याच्यावर माझ्या हातचं अक्षर आहे ते राहणार, बाकी सगळं मोडीत. मला तो नियम फार बरोबर वाटला होता. मी एकेक भांडं घ्यायचो, अक्षर बघायचो आणि ठेवायचो. चुलत्याच्या हातचा एक तांब्या मी मोडीत टाकला, चुलत्याचा, कारण नियम म्हणजे नियम. भांडी संपली तरी मी थांबलो नाय, मला चेव आलेला, मी डबे पण उघडले. तांदळाच्या डब्यात मापाला एक पितळेची वाटी होती, काळी पडलेली. मी ती पालथी केली. खाली अक्षरं होती, पण काय अक्षरं, एक टिंब वर एक खाली, एक अक्षर चढतंय एक घसरतंय, दोन ठिकाणी तर छिन्नी आरपार जायची बाकी. मला हसू आलं. मी मंगलला हाक मारून दाखवलं, हे बघ, ह्याला म्हणतात कोंबडी नाचली, कुठल्या गाढवाने घातलंय. तिचे हात कणकेत होते, ती लांबूनच हसली. मी ती वाटी मोडीच्या ढिगात टाकली आणि तांदळाच्या डब्यात स्टीलची ठेवली.

दोन गोण्या रिक्षात घालून स्टेशनकडच्या भांडीवाल्याकडे नेल्या, मोड देऊन स्टीलचे डबे घेतले. तो बोलला, चाचा, नाम डाल दूं, मशीन है. मी बोललो, नको, कोरे राहू दे. ऐटीत घरी आलो.

वसंताची आई आली ती खूश झाली. खरं सांगतो, तिने स्वतः फिरून बघितलं, बोलली, बरं केलंत, घर केवढं दिसायला लागलं, आता माझे हात सुटले. मग ती भात टाकायला गेली. डब्याचं झाकण काढल्याचा आवाज आला आणि नंतर काहीच आवाज नाय. मी आत जाऊन बघितलं तर ती डब्यात हात घालून उभी, कोपरापर्यंत, तांदूळ ढवळतेय. मला बोलली, ह्यातली वाटी. मी बोललो, गेली मोडीत. ती बोलली, तुम्ही बघितलीत ती, खालून बघितलीत. मी बोललो, बघितली. ती बोलली, वाचलंत.

आता ताई, इथे मी खरं बोलायला पाहिजे होतं. मी वाचलं नव्हतं. मी जन्मात कुठलं नाव वाचलं नव्हतं, मी अक्षर बघितलं होतं. पण मला वाटलं ही माझी तिसरी काढतेय, मला वाचता येतं का नाय ते विचारतेय. मी बोललो, वाचलं की, मला काय वाचता येत नाय काय, अक्षर घाण होतं म्हणून दिली. ती माझ्याकडे बघत राहिली. मग बोलली, वाचून दिलीत. एवढंच. झाकण लावलं, मंगलला बोलली माझं डोकं दुखतंय, तू भात टाक, आणि जाऊन पडली.

पुढे दोन-तीन आठवडे गेले. मंगलच्या लक्षात आलं की सासू तांदूळ मुठीने मोजते, स्टीलच्या वाटीला हात लावत नाय. तिने विचारलं तेव्हा ती बोलली, आणि मंगल रडत रडत माझ्याकडे आली. ती पोरीची वाटी होती. मी आणलेली ती. पोर गेल्यावर पावसाळ्यात मी आईच्या आजारपणाला गावी गेलो होतो, महिनाभर, सामानाची पिशवी खोलीतच राहिलेली. तेव्हा हिने माझी छिन्नी घेऊन वाटीवर पोरीचं नाव घातलं. तीन दुपारी लागल्या, अंगठ्यावर हातोडी बसून नख काळं झालं, मी आल्यावर विचारलं होतं तर बोलली, पाट पडला. आणि ती वाटी तिने तांदळात ठेवली. माझ्यासमोर नाव घ्यायचं नव्हतं ना, रीत होती ना माझी, म्हणून तिने रोज सकाळ-संध्याकाळ तांदूळ मोजताना तेवढा हात लावायचा. एकोणतीस वर्षं. ताई, मी तोच भात खात होतो.

मंगलने तिला विचारलं, आई, काय नाव होतं. ती बोलली, ह्यांना माहीत आहे, ह्यांनी वाचलंय. म्हणून मंगल मला विचारायला आली होती, बाबा, काय होतं हो नाव. मी बोललो, तुला काय करायचंय, जा आत.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी मी भांडीवाल्याच्या ओट्यावर जाऊन बसलो. तो बोलला मोड तर कधीच भट्टीला गेली, इथेच ईस्टला गाळ्यांमध्ये. तिथे गेलो. एक घामाने निथळणारा माणूस चिमटा घेऊन उभा होता, मी त्याला हाताने दाखवलं एवढी वाटी, त्याला वाईट वाटलं असावं, त्याने मला पाणी दिलं, बोलला, चाचा, बीस-पच्चीस दिन हो गये, अब तो कहीं नल की टोटी बन गयी होगी. मी कोपऱ्यातला ढीग तरी उपसून बघितला. त्यात दुसऱ्यांच्या घरची नावं होती. त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा भांड्यांवरची नावं वाचली, एकेक अक्षर लावून, मोठ्याने, तो माणूस बघत होता.

घरी येऊन तिला सांगायचं होतं. नाय सांगितलं. सांगायचं तर आधी हे सांगायला लागणार की मी खोटं बोललो, आणि ते तोंडातून निघेना. एक दिवस गेला की दुसऱ्या दिवशी जास्त जड होतं. आम्ही बोलायचो, पाणी आलं का, औषध घेतलं का, असं सगळं बोलायचो. पण वाचलं, हा शब्द मधी पडलेला.

मग नात झाली. बारसं ठरलं. मी मनात डाव केला, मी तिला बोललो, अगं, नाव तूच सुचव, तुझ्या मनात एखादं असेल. मला वाटलं बोलून जाईल. ती पाळण्याच्या दोरीला फुलं बांधत होती. ती बोलली, नाव आत्याने ठेवायचं असतं. मी बोललो, आत्या कुठे आहे तिला. ती बोलली, तेच ना. आणि फुलं बांधत राहिली. शेवटी डोंगरीहून मंगलच्या ओळखीची एक बाई आत्या म्हणून आणली, ती पोरीच्या कानात कुर्र करून नाव बोलली, सगळ्या बायका हसल्या, आणि मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

चार वर्षांनी वसंताच्या आईला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दवाखान्यात दुपारी मी बसायचो, वसंता कामावर, मंगल डबा देऊन जायची. आठव्या का नवव्या दिवशी मी तिला सांगितलं. वाकून कानात सांगितलं, मी त्या वेळेला खोटं बोललो, मी वाचलं नव्हतं गं, मी नुसतं अक्षर बघितलं. एवढं बोलायला मला जवळजवळ पाच वर्षं लागली. तिने डोळे उघडले. मग डावा हात हळूहळू सरकवला, माझा तळवा पालथा होता तो तिने बोटाने ढकलून सरळ केला, आणि त्यावर एक बोट ठोकायला लागली. टिक. टिक. टिक. छिन्नीचं असतं तसं, एक ठोका एक टिंब, जरा सरकायचं, परत.

ताई, मी लाखो अक्षरं घातली असतील, पण मला ते वाचता आलं नाय. टिंबं एकमेकांवर पडत होती, बोट घसरत होतं. ती लिहीत होती का तिचं बोट नुसतं थरथरत होतं तेही मला सांगता येणार नाय. बराच वेळ ठोकत होती. मग थांबली आणि माझ्याकडे बघितलं, त्या दिवशी डब्याजवळ बघितलं होतं तसंच. वाचलंत, असं विचारत होती. मी बोललो, हो, वाचलं. चांगलं नाव आहे. आणि ह्या वेळेला अक्षर सरळ आलंय. तिने डोळे मिटले, हात माझ्या हातातच ठेवला. दोन दिवसांनी गेली.

म्हणजे दोनदा खोटं बोललो. पहिलं कशापायी बोललो ते मला माहीत आहे. दुसऱ्याचं पाप लागायचं असेल तर लागू दे.

आता माझा हा पसारा बघताय ना. वसंता तुम्हाला बोलला असेल की म्हाताऱ्याला समजवा, डबड्यापासून दोरीपर्यंत काय टाकू देत नाय. बरोबर आहे त्याचं. मंगल काहीही टाकायला निघाली की आधी मला आणून दाखवते, मी पालथं करतो, उजेडाला धरतो, वाचतो, मग पण सोडवत नाय. नात बोलते, आजोबा, ही पावडरची डबी आहे, ह्यावर कंपनीचं नाव आहे. मी बोलतो, ते पण वाच, मोठ्याने वाच. ती वाचते. तिचं वाचन ह्या घरातल्या सगळ्यांपेक्षा चांगलं आहे.

तांदळाच्या डब्यात आता दुसरी पितळेची वाटी आहे, त्याच मापाची, तांबाकाट्याला जाऊन शोधून आणली, मंगल तिनेच माप घेते. छिन्नी, हातोडी अजून आहेत माझ्याकडे, हातही तसा स्थिर आहे, बघा. आणली त्या पहिल्या वर्षी कितीदा वाटी पायांत धरून बसलो. पण काय घालणार. मंगल बोलते, बाबा, आपणच एखादं छान नाव ठेवूया ना वन्संना. मी बोललो, नको. तिला नाव आहे. मला ठाऊक नाय एवढंच.

तुम्ही लिहून घेताय, चांगलं आहे, देव तुम्हाला सुखी ठेवो. मी गेलो की वसंता घर मोकळं करील, करू दे, मी सांगून ठेवलंय त्याला, सगळं काढ. ती वाटी तेवढी डब्यात राहू दे, आणि मशीनवाल्याकडे नेऊ नको, कोरीच राहू दे.